शिफ्ट किट बसवताना: शिफ्ट घट्ट हवी, झटका नको

टीएच३५०, टीएच४००, ७००आर४ अशा जनरल मोटर्सच्या जुन्या हायड्रॉलिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना क्लच पॅक (तेलाच्या दाबाने पकडणाऱ्या क्लच प्लेटांचा गठ्ठा) क्षणभर घसरतो. रोजच्या वापरात तो मऊपणा सुखाचा वाटतो, पण ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलला त्याच घसरण्यात क्लच जळतो. ते घसरणं कमी करणं हे शिफ्ट किटचं (स्प्रिंग, ड्रिल अशा सुट्या भागांच्या संचाचं) काम. मानेला हिसका बसला म्हणजे शिफ्ट चांगली झाली, असं नाही.

गाडी भक्कम स्टँडवर घ्या, गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन काढा आणि निघालेलं तेल मोजून ठेवा. तळाशी थोडा काळपट गाळ असणारच. जळका वास, क्लचचे तुकडे किंवा धातूचा चुरा दिसला तर किट बाजूला ठेवा. आधी गिअरबॉक्स उघडावा लागेल.

व्हॉल्व्ह बॉडी (तेल कुठे जायचं ते ठरवणारा व्हॉल्व्हचा ठोकळा) सावकाश उतरवा, चेक बॉल (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या गोळ्या) खाली पडतात. जागांचे फोटो आधीच काढा. टीएच३५० मध्ये ते ४ असतात.

खरी गंमत सेपरेटर प्लेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीला लागून बसणाऱ्या छिद्रांच्या पातळ प्लेटमध्ये आहे. क्लचकडे जाणारं छिद्र मोठं केलं की तेल लवकर भरतं आणि क्लच लवकर पकडतो. पण छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं: २.५ मिमीचं ३ मिमी केलं तर ते ४४ टक्के वाढतं. म्हणून किटमधल्या सूचनेतला लहान ड्रिलच आधी वापरा. मोठं झालेलं छिद्र लहान होत नाही, नवी प्लेटच घ्यावी लागते. कडांची बुरी (ड्रिलने उठलेली खरखरीत धार) काढा, नाहीतर बॉल नीट बसणार नाही.

अ‍ॅक्युम्युलेटर म्हणजे शिफ्टचा धक्का मऊ करणारा स्प्रिंगचा पिस्टन; त्याची स्प्रिंग किटप्रमाणे बदला. तो पूर्ण बंद करून प्रेशरही वाढवलं, तर धक्का स्प्रॅग (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) आणि शाफ्टवर जातो.

बसवताना चेक बॉल व्हॅसलीनने चिकटवा. ते तेलात विरघळतं, साधं ग्रीस नाही. वरचं आणि खालचं गॅस्केट वेगळं असतं, प्लेटच्या छिद्रांशी जुळवून पाहा. बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळा. व्हॉल्व्ह बॉडी वाकली की व्हॉल्व्ह अडकतो.

मोजलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी तेल भरा. तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये लेव्हल पाहा आणि लागेल तेवढंच वाढवा. जास्त झालं तर फेस येतो आणि शिफ्ट पुन्हा ढिली पडते.

७००आर४ वाल्यांनी टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी) आधी तपासावी. ती सैल असेल तर लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या तेलाचा मुख्य दाब) पुरेसं वाढत नाही आणि तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळतो, किट कितीही चांगलं असो.