दोरी ओढली की उभं राहणारं नेमबाजीचं टार्गेट

छर्रा लागला की या टार्गेटच्या पाच लोखंडी पट्ट्या मागे पडतात आणि दोरी ओढली की पुन्हा उभ्या राहतात. हे टार्गेट फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी आहे, तेही शिशाच्या छर्‍यांपुरतं. शिसं मऊ, ते पट्टीवर आपटून चपटं होतं. स्टीलचे गोल छर्रे (बीबी) उलट फिरून थेट तोंडावर येऊ शकतात. काडतुसाच्या बंदुकीला तर ही पट्टी अजिबात पुरी पडणार नाही.

लागणारं सामान: ६० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, २ सेंमी जाड फळी, ३ मिमी जाड लोखंडी पट्टीचे ४० × ८० मिमीचे पाच तुकडे, पाच छोट्या बिजागर्‍या, ६ मिमीची सळई, एक हलकी स्प्रिंग, आणि न ताणली जाणारी विणलेली दोरी. दोरी नायलॉनची नको, ती लांबते आणि अर्धा ओढा त्यातच जातो. पत्रा १ मिमीचा घेण्याचा मोह टाळा. त्याला खड्डे पडतात आणि खड्ड्यात बसलेला छर्रा कुठल्या दिशेला उडेल याचा नेम नसतो.

बिजागर्‍या फळीच्या मागच्या कडेला ६–६ सेंमी मोकळी जागा सोडून बसवा. पट्टी मागच्या बाजूला पडली पाहिजे. स्क्रूची डोकी पट्टीच्या पृष्ठभागाशी सपाट बुडवा, नट मागे. प्रत्येक पट्टीपुढे लाकडी ठोकळ्यात एक आडवा स्क्रू लावा; त्यावर पट्टी टेकेल. तो आतबाहेर फिरवून पट्टीची वरची कड तळापेक्षा ७ मिमी पुढे आणा, म्हणजे साधारण ५ अंशांचा कल. सगळी करामत या ७ मिमीत आहे. कल कमी झाला तर शेजारच्या पट्टीच्या हादर्‍याने किंवा वार्‍यानेही पट्टी पडते. शिवाय पुढे झुकलेल्या पट्टीवरून छर्रे खाली जातात. ठोकळे आणि बिजागर्‍या झाकायला पुढे एक लोखंडी पट्टी लावा, तीही वरची कड नेमबाजाकडे झुकवून.

आता उचलणारी सळई. ती ५२ सेंमी रुंद, ७ सेंमी बाह्यांच्या चौकोनी ‘यू’ आकारात वाकवा. टोकं बाहेर वळवून फळीच्या दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांत, बिजागर्‍यांच्या खिळीच्या रेषेत अडकवा. मागे अडसर असा लावा की सळई आडवी न होता जमिनीपासून ३० अंशांवर थांबेल. पूर्ण आडवी झाली तर दोरी नुसती ताणते, सळई उठत नाही.

पडलेल्या पट्ट्या याच सळईवर येऊन टेकतात, आणि नेमका इथेच घोळ होतो. छर्‍याचा फटका पट्टीला हवा त्यापेक्षा बराच जास्त वेग देतो. ती लोखंडावर आपटून परत उभी राहते आणि नेम चुकला असं वाटतं. सळईवर सायकलच्या ट्यूबचे दोन थर चढवा.

दोरी सळईच्या कोपर्‍याला बांधून पट्ट्यांच्या बाजूने, छर्‍याच्या वाटेबाहेरून पुढे आणा. स्प्रिंग सळईला मागे ओढेल अशी लावा. ती नसेल तर दोरी सोडल्यावरही सळई कधीकधी पट्ट्यांच्या पाठीला चिकटून राहते आणि नेम लागूनही पट्टी पडत नाही.

बिजागर्‍यांना तेल नको, धूळ बसते. पेन्सिलीचं ग्रॅफाइट खरवडून टाका.

रायफल १६ जूलपर्यंतची (छर्‍याची ऊर्जा) हवी, अंतर किमान १० मीटर. बायथलॉनमध्ये (बर्फावरचं स्कीइंग आणि नेमबाजी यांचा खेळ) ५० मीटरवर झोपून मारायचं लक्ष्य ४५ मिमीचं आणि उभ्याने मारायचं ११५ मिमीचं असतं. १० मीटरवर तेवढीच दिसणारी लक्ष्यं ९ आणि २३ मिमीची होतात. ४० मिमीची पट्टी सोपी वाटू लागली की तिच्यावर पांढर्‍या रंगाने त्या मापाचा ठिपका काढा.

मागे जाड लाकडी पेटीत वाळू भरून ठेवा. चष्मा नेमबाजाने घालावाच, पाहणार्‍यानेही. दोरी ओढण्याआधी रायफल रिकामी करून खाली ठेवा. छर्‍यांचे तुकडे हातमोजे घालून गोळा करा, नंतर हात साबणाने धुवा. पट्टीवर खळगे दिसले की ती बदला; उलटी बाजू वापरायची असेल तर ती आधी कानशीने सपाट करून घ्या.