वायूचा अपवर्तनांक मोजताय? या चुका टाळा

"मॅडम, उत्तर दुप्पट येतंय!" आमच्या लॅबमध्ये मायकेलसन इंटरफेरोमीटर (एक किरण दोन वाटांनी पाठवून परत एकत्र आणणारं उपकरण) मांडला की पहिली हाक हीच येते. यात किरण वायूच्या सेलमधून (दोन्ही टोकांना काच असलेल्या बंद नळीतून) जातो आणि आरशावरून त्याच वाटेने परत येतो, म्हणून सूत्रात सेलच्या लांबीची दुप्पट धरायची. लांबीही आतली घ्या, दोन्ही काचांची जाडी वजा करून.

मोजायला बसण्याआधी किती फ्रिंजेस (किरण एकत्र आल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे) सरकायला हव्यात, याचा हिशोब वहीत मांडा. ५ सेंमी सेल, ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर आणि खोली ३० अंशांवर असेल, तर पूर्ण निर्वातापासून हवेच्या दाबापर्यंत साधारण ४१ फ्रिंजेस सरकतात. हातपंपाने पूर्ण निर्वात होत नाही. म्हणून दाब आणि फ्रिंजेसचा आलेख काढून त्याचा चढ घ्या. हीलियमला त्याच सेलमध्ये जेमतेम ५ फ्रिंजेस मिळतात. एक चुकली की २० टक्के गेले, तिथे लांब सेलच हवा.

सर्वांत जास्त घोळ दाबाच्या नोंदीत होतो. हवा भराभर काढली की आतला वायू क्षणभर गार पडतो. मग झडप बंद केल्यावर गेजचा काटा थोडा मागे येतो, पण फ्रिंजेस जागच्या जागी राहतात. काटा स्थिरावला की आकडा लिहा. काट्याबरोबर फ्रिंजेसही सरकत राहिल्या, तर गळती आहे. आधी रबरी नळीचे जोड तपासा.

आमची इमारत रुळांना लागून आहे. लोकल गेली की फ्रिंजेस थरथरतात आणि परत जागेवर येतात. ती थरथर मोजू नका, गाडी जाऊ द्या. पंखा बंद ठेवा, एसीचा झोत आरशांवर येऊ देऊ नका.

कार्बन डायऑक्साइड भरताना सेल एकदा रिकामा करून भागत नाही. दोन-तीनदा भरा आणि रिकामा करा, नाहीतर उरलेली हवाही मोजली जाते.

आणि कृपा करून उत्तर पुस्तकाशी जुळवू नका. हवेचा १.०००२९३ हा आकडा ० अंशांवरचा, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशातला. मुंबईत ३० अंशांवर १.०००२६ च्या आसपास आलं, तर तुमचं मोजमाप बरोबर आहे. ते तसंच लिहा आणि शेजारी खोलीचं तापमान व दाब नोंदवा.