ठणका थांबला म्हणून गप्प बसू नका: तोंडाच्या दुखण्यात या चुका टाळा

दाढ ठणकली की पहिली धाव मेडिकलकडे. गोळ्यांनी दुखणं थांबलं की विषय संपला! या सवयीचा मला मनापासून राग येतो. कीड खोल गेली की दाढेतली नस मरते आणि ठणका आपोआप थांबतो. मुळाशी पू मात्र साचत राहतो. मेलेल्या नसेला रक्तपुरवठाच नसतो, मग औषध आत पोचणार कसं? रूट कॅनॉल करा किंवा दाढ काढा, तिसरा मार्ग नाही.

त्यावर पुन्हा शेक! एका शेतकऱ्याने सोयाबीनची काढणी उरकेपर्यंत गोळ्यांवर दिवस ढकलले, रात्री गरम विटेने गाल शेकला. आणलं तेव्हा हनुवटीखाली दोन्हीकडे लाकडासारखी टणक सूज, जीभ वर उचललेली, लाळ गिळवत नव्हती, आडवं झालं की श्वास कोंडायचा. तोंड उघडेना, म्हणून भूलतज्ज्ञांना नाकातून दुर्बिणीने नळी घालावी लागली. गळ्याला छेद देऊन पू काढला, दाढ काढली, मग अतिदक्षता विभाग. वाचले. सुजेबरोबर गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल तर सकाळची वाट पाहू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

दाढ काढल्यावर त्या दिवशी जोरात चुळा, थुंकणं, विडी-सिगारेट बंद. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते.

हिरडीवर अ‍ॅस्पिरिन दाबून ठेवू नका, कातडी भाजते.

पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दवाखान्यात या.

आता सुपारी. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी टपरीवर मावा आणि खर्रा घोटला जातोच. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हे मला सांगूच नका; तोंड आखडण्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. आधी तिखट झोंबतं, पोरं जीवनसत्त्वाच्या गोळ्या खातात, मग घास मावेनासा होतो. आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहा. दोनच जात असतील तर सुपारी आजच सोडा आणि तपासून घ्या. इंजेक्शनं, व्यायाम, शस्त्रक्रिया आहेत, पण तोंड पूर्वीइतकं क्वचितच उघडतं. याच तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम दाखवाच, दुखत नसेल तरीही. कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. तपासणीला तुकडा काढला की तो पसरतो, ही भीती खोटी आहे; त्या भीतीपोटी घालवलेल्या महिन्यांत मात्र तो नक्की वाढतो.