ब्रिजचा पिकअप घेण्याआधी

तुझ्या इलेक्ट्रिक गिटारीच्या ब्रिजजवळ, म्हणजे तारा अंगावर टेकतात तिथे, बसवायच्या पिकअपची (तारेची थरथर विजेत पकडणारा चुंबक आणि तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल) तू दोन नावं पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "मामा, यातला कुठला घेऊ? आज रात्री ऑर्डर टाकतो." आज रात्री टाकू नकोस. जून लागलाय, गणपतीच्या चवथीपर्यंत तुमच्या ऑर्केस्ट्राला सुपारी नाही, गिटार टेबलावर उघडी पडली तरी कुणाचं अडत नाही. खाली लिहितोय ते एकेक करून संपव, मग पैसे काढ. कधी कधी ते काढावेच लागत नाहीत, हे मला खिशाला भोक पडल्यावर कळलं.

आधी वहीत एका वाक्यात लिही की आत्ताच्या पिकअपची नेमकी तक्रार काय. "आवाज चांगला नाही" हे वाक्य चालणार नाही. आवाज बारीक आहे, कानाला टोचतो, जाड तारांवर गढूळ होतो, सोलोला बँडच्या वर येत नाही, की नुसता घुंऽऽ करतो? या पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांतल्या निदान दोन पिकअप बदलून जात नाहीत. ऐकायचं कुठे हेही ठरव. साखळी गावातल्या तुझ्या खोलीत गादी, पडदे, कपड्यांचं कपाट सगळं मिळून वरचे सूर गिळतं. तोच आवाज पत्र्याच्या मांडवात गेला की प्रत्येक टोकदार सूर छपरावर आपटून दुप्पट होऊन परत येतो. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग असेल तर ते ऐक, कितीही वाईट असलं तरी. खोलीत गोड वाटलेला पिकअप मांडवात लोकांना उठून जायला लावतो.

मग नव्या तारा चढव. आपल्या दमट हवेत, त्यात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये दोन रात्री वाजवल्यावर, तारा किती लवकर मरतात ते तुला सांगायला नको. मेलेल्या तारांवर पिकअपचा न्याय करणं म्हणजे शिळ्या बांगड्यावरून मसाल्याला नाव ठेवणं.

आता स्क्रू-ड्रायव्हर. पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि तारेची खालची कड ते पोल पीस, म्हणजे पिकअपवर प्रत्येक तारेखाली दिसणारं धातूचं टोक, हे अंतर स्टीलच्या पट्टीनं मोज. गिब्सनच्या गिटारांत ब्रिजसाठी साधारण १.६ मिलिमीटर धरतात. तू २ पासून सुरुवात कर, जाड तारांच्या बाजूला २.५. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारींत मी हे अंतर ५ मिलिमीटरसुद्धा पाहिलंय, आणि मालक बिचारा "पिकअपमध्ये दम नाही" म्हणत फिरत होता. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरव आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तोच एक सुरांचा तुकडा वाजव, वेगळं काही नाही. जवळ आणला की आवाज मोठा आणि टोकदार होतो, लांब नेला की मोकळा होतो. फार जवळ नेलास तर चुंबक तारेलाच ओढायला लागतो आणि सूर डळमळतो. नुसती एक संध्याकाळ यात घालव. तक्रार इथेच मिटली तर यादी इथेच संपली.

नाही मिटली? मग मल्टिमीटर आण आणि मागचं झाकण उघड. उघडल्या उघडल्या, एकाही वायरीला हात लावण्याआधी, मोबाइलवर चार फोटो काढ. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या फिरत्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवर किंवा बाजूला आकडा छापलेला असतो: ५०० के किंवा २५० के (के म्हणजे किलोओहम). हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, सहसा ५०० चं पॉट लावतात, सिंगल कॉइलला (एकाच कॉइलच्याला) २५० चं. तुझ्या गिटारीत तीन सिंगल कॉइलसाठीची वायरिंग तशीच ठेवून मागे हंबकर बसवलेला असेल, तर २५० चं पॉट त्याची वरची धार कापत असणार. "गढूळ" ही तक्रार बऱ्याचदा इथे सापडते, आणि पॉटची किंमत पिकअपच्या किमतीपुढे चहा-भाजीपावाएवढी. उलट आवाज टोचत असेल तर हेच २५० चं पॉट मुद्दाम लावणारे लोकही आहेत. टोनच्या पॉटवरचा कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा आहे की ०.०४७ चा, तेही लिहून ठेव. पण टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवत असशील तर त्यावर झोप घालवू नकोस.

आत्ताचा पिकअप किती ओहमचा आहे, म्हणजे त्याच्या कॉइलचा विद्युत-रोध किती, ते मोजायला काही सोडवावं लागत नाही. गिटारीत केबल लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघड, स्विच ब्रिजवर, आणि केबलच्या मोकळ्या जॅकच्या टोकाला व दांड्याला मीटरच्या तारा लाव. पॉट समांतर असल्यामुळे आकडा किंचित कमी दिसेल: ८.१ चा पिकअप ५०० च्या पॉटसह साधारण ८ दाखवेल. आणि एक गंमत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवर ८.१ किलोओहम मोजलेला पिकअप आपल्या मे महिन्यात, ३३ अंशांवर, साडेआठच्या जवळ दिसतो. माझ्याकडे एकजण "डुप्लिकेट माल दिला" म्हणून भांडायच्या तयारीत आला होता. त्याला पंख्याखाली बसवून सोलकढी दिली.

आता या ओहमच्या आकड्याबद्दलच बोलतो, कारण तू पाठवलेल्या दोन्ही नावांपुढे तोच लिहिला होतास. सेमूर डंकनचा जेबी साधारण १६.४ किलोओहम, डिमार्झियोचा सुपर डिस्टॉर्शन साधारण १३.७. म्हणून जेबी जास्त जोरकस, असं तू धरलंस. तसं नसतं. हा आकडा सांगतो फक्त कॉइलची तार किती लांब आणि किती बारीक आहे ते. जुन्या हंबकरांत ४२ गेजची तार असे. जास्त वेढे बसवायचे तर ४३ किंवा ४४ ची, म्हणजे आणखी बारीक, घेतात, आणि बारीक तारेचा रोध तसाही चढतो. त्यात चुंबक निराळा: जेबीत अल्निको ५ (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा चुंबक), सुपर डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. ढोबळ मानानं सिरॅमिकचा आघात कडक आणि घट्ट. अल्निको ५ ला खाली-वर दोन्हीकडे धार असते, आणि अल्निको २ मऊ, खालचा सूर थोडा सैल, वरचा गोल. आकडा वाचायचाच तर एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या दोन पिकअपांत वाच. आणि वेढे वाढले की आवाज मोठा होतो तसा वरचा उजेड कमी होतो, मध्यम सूर फुगतो. फुकट काही मिळत नाही.

हंबकर मुळात जोरासाठी जन्मलाच नव्हता. गिब्सनच्या सेथ लव्हरनं तो घुंऽऽ घालवायला केला. दोन कॉइल, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. त्यामुळे बाहेरून आलेली घुरघुर दोघींत एकमेकींना मारते आणि तारेचा सूर मात्र बेरजेत येतो. पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्या सुमारास पिकअपच्या खाली "पेटंट अप्लाइड फॉर", म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, असं जे लेबल चिकटवत, त्यावरूनच त्या पिकअपांना पीएएफ म्हणतात. पुढे लेबलावर पेटंटचा क्रमांक आला तोही या शोधाचा नव्हता, तारा अडकवायच्या टेलपीसच्या वेगळ्याच पेटंटचा होता. आज पाऊण दुनिया ज्या आवाजामागे धावते तो ८ किलोओहमच्या आसपासचा, म्हणजे आजच्या मानानं मवाळ पिकअप आहे. जोरकस पिकअप बदलून घालायची रीत सुपर डिस्टॉर्शननं १९७२ पासून पसरवली, कारण तेव्हा ॲम्प फाटल्यासारखा वाजवायचा तर त्याला पुढून ढकलावं लागे.

तुला ढकलायची गरज आहे का? तुझ्या पायाखाली पेडलबोर्ड आहे, त्यात गेनच्या, म्हणजे आवाज फुगवून फाडायच्या, तीन पायऱ्या, आणि तिथून केबल सरळ मिक्सरला. गेन तुझ्याकडे फुकट आहे, स्वच्छता नाही. एका रात्री तुम्ही तीस-पस्तीस गाणी वाजवता, त्यांतली बहुतेक जुनी हिंदी-मराठी. तिथे गिटार मागे छुनछुन करते आणि सोलो येतो आठ ओळींचा. अशा माणसाला १६ किलोओहमचा पिकअप दिला की साध्या कॉर्डलाही तो कुरकुरतो, मग वाजवणारा व्हॉल्यूम ६ वर आणतो आणि वरचा सूर आणखी बुजतो. म्हणून माझं मत सरळ आहे: ८ ते १० किलोओहमच्या घरात राहा, अल्निको ५. सेमूर डंकनचा फिफ्टी-नाइन हे त्यातलं ओळखीचं उदाहरण. गिटार मुळातच फार टोचरी असेल तर अल्निको २ कडे जा, त्याच कंपनीचा पर्ली गेट्स तसा आहे. मेटल बँड काढलास तर हा परिच्छेद फाडून टाक.

ब्रिजसाठी म्हणून विकतात तोच घे. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून तिथला पिकअप सहसा थोडा जास्त वेढ्यांचा असतो. ॲक्टिव्ह पिकअपचा विचार मनात असेल तर एवढंच: ईएमजीसारख्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते, पॉट २५ किलोओहमची लागतात, आणि केबल लावून ठेवलीस की बॅटरी जळत राहते. रात्री बारा वाजता जत्रेत ती कुठे मिळणार?

आता मापं. पहिल्या आणि सहाव्या तारेचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पिकअपच्या बरोबर वर मोज. गिब्सन धर्तीच्या पिकअपांत पोल पीस साधारण ४९ ते ५० मिलिमीटरांत बसतात. तुझ्यासारख्या ट्रेमोलो ब्रिजच्या (दांडा दाबून सूर हलवता येतो त्या) गिटारींसाठी ५१-५३ चे रुंद मिळतात. डंकनवाले त्याला ट्रेमबकर म्हणतात, डिमार्झियोवाले एफ-स्पेस्ड. खरं सांगायचं तर एखाद-दुसरा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी कान ओरडत नाही, डोळाच ओरडतो. एडी व्हॅन हेलननं गिब्सनच्या गिटारीतला हंबकर आपल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारीत तिरका बसवला होता, त्यालाही कुणी नावं ठेवली नाहीत. जास्त महत्त्वाची आहे पिकअप बसतो त्या खड्ड्याची खोली. पिकअपच्या खालचे दोन पाय काहींचे आखूड असतात, काहींचे लांब. मी एकदा लांब पायांचा मागवला, विक्रेत्यानं परत घेतला नाही, आणि छिन्नी घेऊन स्वतःच्या गिटारीचं लाकूड कोरत बसलो. पिकअप रिंगवर (भोवतालच्या चौकटीवर) बसतो, पिकगार्डला (गिटारीच्या अंगावरच्या पातळ पट्टीला) लटकतो की सरळ लाकडात स्क्रू जातो, तेही पाहून ठेव.

पिकअपमधून किती वायरी येतात ते ऑर्डरआधी वाच. चार रंगीत अधिक एक उघडी असेल तर पुढे पुश-पुल (ओढून-दाबून स्विच होणारं) पॉट लावून एक कॉइल बंद करता येते आणि छुनछुनीला सिंगल कॉइलसारखा आवाज मिळतो. त्या वेळी आवाज थोडा पडतो आणि घुंऽऽ परत येतो. रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, इथे डोकं शांत ठेव. डंकनमध्ये काळी वायर गरम (म्हणजे आवाजाचा सिग्नल नेणारी), हिरवी आणि उघडी मिळून ग्राउंड, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झियोत लाल गरम, हिरवी आणि उघडी ग्राउंड, काळी-पांढरी एकमेकींना. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावलास की आवाज येतो, पण नाकातून.

बसवायच्या दिवशी ६०/४० चं सोल्डर, टेप आणि निदान ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न जवळ पाहिजे. पॉटच्या पाठीवर डाख द्यायचा तर उष्णता भरपूर आणि वेळ थोडा. मिणमिणत्या आयर्ननं अर्धा मिनिट चोळत बसलास की पॉट आतून भाजतं. झाकण लावण्याआधी फेज, म्हणजे दोन्ही पिकअप एकाच दिशेनं जोडलेत ना, ते तपास: मीटर पिकअपला जोड, स्क्रू-ड्रायव्हर पोल पीसवर टेकव आणि झटकन उचल. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. नेकच्या (गिटारीच्या मानेजवळच्या) पिकअपलाही तसंच कर. दोघांची उडी एकाच दिशेला हवी. नसेल तर नव्याच्या गरम आणि ग्राउंड वायरी अदलाबदल कर, उघडी मात्र ग्राउंडलाच राहू दे.

आणि घुंऽऽ. हंबकर घुरघुर मारतो म्हणून सगळं मारतो असं नाही. मांडवातल्या डिमरची, एलईडी माळांची करकर त्याला पुरून उरते. त्यासाठी खड्ड्यात तांब्याची पट्टी आणि ब्रिजला जोडलेली ग्राउंडची तार शाबूत हवी. त्याहून मोठी गोष्ट अर्थिंगची. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत अजून दोन पिनांचे प्लग आहेत, आणि मांडवात कनेक्शन कुठून ओढलंय ते देवाला ठाऊक. तारांना हात लावल्यावर घुरघुर थांबत असेल तर त्यात विशेष काही नाही, ते ठीक आहे. तारांना हात लावून माइकला ओठ टेकल्यावर चटका बसत असेल तर वाजवणं थांबव आणि आधी वायरमनला बोलाव. पिकअपचा त्यात दोष नाही आणि जीव एकच आहे.

जुना पिकअप फेकू नकोस, वायरी पूर्ण लांबीच्या ठेवून डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेव. पोल पीसचे स्क्रू आपल्या हवेत गंजतात.

मापं मला व्हॉट्सॲपवर पाठव: तारांचं अंतर, खड्ड्याची खोली, पॉटचा आकडा, आत्ताचे ओहम, आणि वहीतलं ते तक्रारीचं एक वाक्य. ऑर्डर त्यानंतर. बसवायला रविवारी फोंड्याला ये, ताईला सांग जेवायला इथेच आहेस. येताना आयर्न तुझं आण, माझ्याचं टोक झिजलंय. वीज गेली तर पत्ते खेळू.