रविवारी चिखलात रेस, सोमवारी ऑफिस: एकाच सायकलला गिअर कुठले लावायचे?

सायक्लोक्रॉसची (चिखल, गवत, अडथळे यांतून होणाऱ्या रेसची) सायकल घेतली की हा प्रश्न येतोच. बहुतेक जण धरून चालतात की चिखलाला हलके गिअर लागतात आणि रोजच्या रस्त्याला जड. माझ्या मते हे बरोबर उलटं आहे.

आधी आकडेमोड करा, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दाते भागिले मागच्या स्प्रॉकेटचे (मागच्या चाकावरच्या चकतीचे) दाते, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरतं ते. 700 बाय 32 च्या टायरचा घेर साधारण 2.15 मीटर. पुढे 40 आणि मागे 11 असेल तर एका फेरीत 7.8 मीटर, आणि मिनिटाला 90 फेऱ्या मारल्या तर ताशी 42 किमी. आता खरं सांगा, लॅपटॉपची बॅग घेऊन ट्रॅफिकमध्ये 42 ने कोण पेडल मारतंय? पुढे 46 केलं तर आकडा 48 च्या वर जातो, ऐकायला मस्त वाटतं, पण माझ्या कॅसेटवरचा (मागच्या स्प्रॉकेटच्या संचातला) 11 चा स्प्रॉकेट बाकी सगळे घासले तरी नव्यासारखाच दिसतो.

आता खालचं टोक बघा. 40 ला 32 म्हणजे 1.25, मिनिटाला 50 फेऱ्या मारल्या की ताशी 8 किमी. रेसमध्ये एवढा वेग पडला की बसून काय करणार, उडी मारायची, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं, तेच जास्त फास्ट असतं. नाहीतरी वाटेत आडव्या लावलेल्या 40 सेमी उंच फळ्या आल्या की बरेच जण उतरतातच. पण ऑफिसला जाताना, कॅरिअरला पॅनिअर लटकवलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, समोर लांब चढ, तिथे कोण खांद्यावर घेऊन पळणार? म्हणजे खरा हलका गिअर रेस मागत नाही, ऑफिसची बॅग मागते. म्हणून रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ, तोही सामान लादून, यावरूनच खालचा गिअर ठरवा.

पुढे एक चेनरिंग की दोन? क्रॉसचं जुनं कॉम्बिनेशन म्हणजे 46/36, म्हणजे एक रिंग 46 दात्यांची आणि एक 36 ची, फरक फक्त 10 दात्यांचा, त्यामुळे शिफ्ट पटकन होतं. रोडवाल्या 50/34 मध्ये फरक 16 चा, आणि क्रॉसमध्ये 50 चा उपयोग जवळजवळ शून्य. एकच चेनरिंग असेल तर पुढचा डिरेलर (चेन एकीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) नाही, चिखल अडकायला एक जागा कमी, चालवताना डोक्याला ताप नाही, फक्त दाते आळीपाळीने जाड-बारीक असलेली रिंग आणि क्लचवाला (चेन ताणून धरणारा) मागचा डिरेलर घ्या नाहीतर खडबडीत जागी चेन पडत राहते. तोटा एकच, गिअरमधल्या उड्या मोठ्या होतात. 11-42 च्या (11 ते 42 दात्यांच्या) कॅसेटवर सुरुवातीलाच 11, 13, 15 असं जातं, सपाट रस्त्यावर एक गिअर जड आणि पुढचा हलका असं होऊन पाय वैतागतात. मी तरी 42 पर्यंत जाणार नाही. एकच रिंग हवी तर 40 ला 11-36, दोन हव्यात तर 46/36 ला 11-32. हलका गिअर दोन्हीकडे जवळपास सारखाच, 1.11 आणि 1.125. नवीन घेत असाल तर पहिलं घ्या, सायकलवर आधीच 46/36 असेल तर उगाच पैसे घालवू नका, फक्त कॅसेट बदला.

कॅसेट बदलताना मात्र माझ्यासारखं करू नका. मी एकदा मोठी कॅसेट चढवली, चेन तीच ठेवली, स्टँडवर फिरवून बघितलं, झकास. संध्याकाळी परत येताना चढावर सवयीने मोठ्या रिंगवरूनच मागे सगळ्यात मोठ्यावर टाकलं, चेन तारेसारखी ताणली गेली, डिरेलर पुढे ओढला जाऊन आडवा झाला, कडकन आवाज आणि हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकडा. उरलेला रस्ता पायी, ऑफिसच्या बुटात 😑

चेन मोजायची सोपी पद्धत: डिरेलरमधून न ओवता ती मोठ्या रिंगवरून आणि मागच्या सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवरून फिरवा, टोकं जुळतील तिथून दोन कड्या जास्त ठेवा. आणि डिरेलरला किती दात्यांपर्यंतचा स्प्रॉकेट चालतो, कपॅसिटी किती, हे आधीच बघा. कपॅसिटी म्हणजे पुढचा फरक अधिक मागचा फरक, 46/36 आणि 11-32 ला 10 अधिक 21, म्हणजे 31. छोट्या केजचा (चेन ताणणाऱ्या खालच्या हाताचा) डिरेलर बऱ्याचदा इथेच अडतो.

दोन जोडी चाकं परवडत असतील तर यापेक्षा चांगलं काही नाही, एकीवर 33 मिमीचे गुट्टीवाले टायर (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयच्या रेसमध्ये त्याहून रुंद चालत नाहीत), दुसरीवर गुळगुळीत. फक्त प्रत्येक जोडीची चेन वेगळी ठेवा, क्विक लिंकने (चटकन उघडणाऱ्या कडीने) दोन मिनिटांत बदलते, कारण झिजलेली चेन चांगली कॅसेटही लवकर झिजवते आणि चिखलात चेन फार लवकर झिजते. चाकं बदलल्यावर ब्रेकची डिस्क घासायला लागली तर कॅलिपरचे (डिस्कला चिमटणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करून, ब्रेक दाबून धरून परत आवळा, बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं.