घरच्या बरणीत विद्युतदर्शी कसे बनवावे

विद्युतदर्शी म्हणजे वस्तूवर विद्युतप्रभार आहे का हे दाखवणारे उपकरण. शाळेच्या पुस्तकातल्या सुवर्णपत्र विद्युतदर्शीत सोन्याच्या वर्खाची दोन पाने असतात. अब्राहम बेनेट यांनी १७८७ साली वर्णन केलेले हे उपकरण स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलवरही उत्तम चालते. अट एकच, सगळे कोरडे हवे. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा दमटपणामुळेच. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार निवडा. कोकणातल्या पावसाळ्यात याच्या नादी लागू नका.

अर्धा लिटरची काचेची बरणी धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. झाकण प्लॅस्टिकचेच घ्या, धातूच्या झाकणावर प्रभार पसरून निसटतो. झाकणाच्या मधोमध भोक पाडून त्यातून १५ सेंमी लांबीची तांब्याची जाड, उघडी तार घाला आणि भोकाभोवती मेणबत्तीचे मेण ओता. मेण उत्तम विद्युतरोधक आहे. तारेचे खालचे टोक आकड्यासारखे वाकवून पॉलिश पेपरने घासा, त्यात ४ सेंमी लांब आणि अर्धा सेंमी रुंद अशा फॉइलच्या दोन सपाट पट्ट्या शेजारीशेजारी अडकवा. पट्ट्या सैल डोलल्या पाहिजेत. चुरगळलेली पट्टी टाकून द्या. वरच्या टोकावर फॉइलचा ३ सेंमीचा गोळा घट्ट बसवा. अणकुचीदार टोकातून प्रभार हवेत गळतो.

आता वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप, साधारण ४० सेंमी, लोकरीच्या कापडाने जोरात घासा. पाइपवर ऋणप्रभार येतो. तो गोळ्याजवळ आणा, टेकवू नका. पट्ट्या फाकतात, कारण गोळ्यातले इलेक्ट्रॉन (ऋणप्रभाराचे कण) खाली ढकलले जाऊन दोन्ही पट्ट्या ऋणप्रभारित होतात आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. पाइप दूर नेला की त्या मिटतात.

प्रभार टिकवायचा असेल तर क्रम चुकवू नका. पाइप जवळ धरून गोळ्याला बोट लावा, इलेक्ट्रॉन बोटातून निघून जातील आणि पट्ट्या मिटतील. आधी बोट काढा, मग पाइप. पट्ट्या पुन्हा फाकून तशाच राहतील. आता उपकरणावर धनप्रभार आहे. पाइप आधी काढलात तर बोटातून इलेक्ट्रॉन परत येतात आणि हाती काहीच लागत नाही. मुले हमखास इथेच चुकतात.

एखाद्या वस्तूवर कोणता प्रभार आहे हे तपासायला ती प्रभारित उपकरणाच्या गोळ्याजवळ न्या; पट्ट्या आणखी फाकल्या तर वस्तूचा प्रभार उपकरणासारखाच, एवढेच खात्रीने सांगता येते. मिटण्यावर भरवसा ठेवू नका: नुसता हात जवळ नेला तरी त्या थोड्या मिटतात.

विद्युतक्षेत्र, म्हणजे प्रभाराचा आसपास जाणवणारा प्रभाव, धातूच्या आवरणाच्या आत का शिरत नाही हे पाहायचे तर उपकरणाला बोट लावून त्यावरचा प्रभार घालवा. बरणी स्टीलच्या ताटात ठेवा, भोवती आणि वर धातूच्या जाळीचे आवरण घाला. जाळी ताटाला टेकलेली हवी, पण गोळ्याला अजिबात नको. बाहेरून घासलेला पाइप आणा, पट्ट्या हलणार नाहीत: जाळीतले इलेक्ट्रॉन सरकून आतले क्षेत्र रद्द करतात. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली हेच दाखवले. पट्ट्या तरीही हलल्या तर जाळीवरचा रंग किंवा प्लॅस्टिकचा थर तपासा. जाळी आणि ताट जिथे टेकतात तिथे तो खरवडून काढा.