गावाचा विकी बसवताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "अरे, होस्टिंगची मुदत संपतेय म्हणून मी सगळं उतरवून घेतलं. नव्या ठिकाणी चढवून इन्स्टॉलर चालवला, तर नुसतं मुखपृष्ठ दिसतंय. पानं गेली कुठं?" गुरुजी आणि त्यांची चार-पाच पोरं दीड वर्षं जुने वाडे, विहिरी, वीरगळ यांची माहिती त्या विकीवर, म्हणजे अनेकांना मिळून पानं लिहिता-बदलता येतात अशा संकेतस्थळावर, भरत होती. एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाईली उतरवण्याच्या सोयीने) त्यांनी अख्खा फोल्डर उतरवला होता, फोटोंसकट. पण मीडियाविकीत, म्हणजे विकी चालवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, पानांचा मजकूर फोल्डरमध्ये नसतोच, तो डेटाबेसमध्ये असतो. जुनं खातं बंद व्हायला दोन दिवस बाकी होते, म्हणून वाचलो.

त्यानंतर असे तीन-चार विकी हाताखालून गेले. बसवायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात घाईघाईने दिलेली उत्तरं मात्र चारशे पानं झाल्यावर नडतात. म्हणून कुठली चूक कधी डोकं वर काढते, ते सांगतो. उदाहरणं मीडियाविकीची आहेत, कारण विकिपीडिया त्यावरच चालतो आणि बहुतेक जण तेच उचलतात.

आधी कोड कुठून घ्यायचा ते. अधिकृत संकेतस्थळावरची दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) फाईलच उतरवा. हौसेने गिटवरून (कोड लिहिणारे तो साठवतात तिथून) घेतलात तर त्यात सोबत लागणाऱ्या कोडचा ‘व्हेंडर’ फोल्डर नसतो आणि विकीचं रूप ठरवणाऱ्या स्किनही नसतात; मग पहिल्याच पानावर एरर येते आणि दोष सर्व्हरला जातो. आवृत्ती दीर्घ मुदतीची घ्या. डिसेंबर 2024 मध्ये आलेली 1.43 तशी आहे, पण तिला सर्व्हरवर किमान पीएचपी 8.1 लागतं; पीएचपी म्हणजे मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलाय ती. स्वस्तातल्या होस्टिंगवर खातं उघडताना जुनं पीएचपी लावून दिलेलं असतं. कंट्रोल पॅनेलमध्ये बदलता येतं, फक्त आधी बघायला हवं.

इन्स्टॉलर शेवटी ‘लोकलसेटिंग्ज’ नावाची पीएचपी फाईल हातात देतो. ती ‘इंडेक्स’ फाईलच्या शेजारी ठेवायची, एवढंच काम. तरी इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. ब्राउझर दुसऱ्यांदा उतरवताना नावापुढे कंसात एक लावतो. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे आपण नोटपॅडमध्ये उघडून जतन केलेली फाईल मागे टीएक्सटी शेपूट लावून बसते. कोणी नावातला कॅपिटल एल स्मॉल करतं. घरच्या विंडोजवर झॅम्प (आपल्याच संगणकाला सर्व्हर करणारा संच) असेल तर ते खपतं, लिनक्स सर्व्हरवर नाही. तिन्ही वेळा लक्षण एकच: सगळं झालं तरी विकी ‘आधी सेटअप करा’ म्हणत राहतो. ‘हेडर्स आधीच पाठवले गेलेत’ अशी तक्रार आली, तर फाईलच्या सुरुवातीला नोटपॅडने न दिसणारं चिन्ह घातलंय किंवा शेवटी रिकाम्या ओळी राहिल्यात असं समजा.

त्याच फाईलमध्ये ‘डब्ल्यूजीसर्व्हर’ अशी एक ओळ असते. इन्स्टॉलर चालवताना ब्राउझरमध्ये जो पत्ता होता, तोच तिथे जातो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी त्याच मशीनवर बसून ‘लोकलहोस्ट’ने, म्हणजे ‘हेच मशीन’ या पत्त्याने, विकी बसवला. त्यांना सगळं छान दिसत होतं. पोरांनी शेजारच्या मशीनवरून आयपी टाकून उघडला, की पहिल्याच क्लिकला ब्राउझर त्यांच्याच मशीनचा लोकलहोस्ट शोधायचा आणि आपटायचा. सरांनी फायरवॉल बंद केली, स्विच बदलला, केबलही तपासली. एक ओळ बदलायची होती.

पत्त्यातली दुसरी चूक फोल्डरच्या नावाची. पानांचे पत्ते ‘विकी’ या नावाखाली सुटसुटीत हवेत, म्हणून लोक सॉफ्टवेअरच ‘विकी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतात. मग खरा फोल्डर आणि आभासी पत्ता यांची टक्कर होते. सॉफ्टवेअर ‘डब्ल्यू’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘विकी’ हे नाव पानांसाठी मोकळं सोडा. विकिपीडियाचीही हीच मांडणी आहे.

भाषा पहिल्याच दिवशी मराठी निवडा. "आधी इंग्रजीत बसवू, मग बदलू" हे मी चारदा ऐकलंय. बदलता येतं, पण तुमचं सजवलेलं मुखपृष्ठ इंग्रजी नावाखाली राहतं आणि विकी ‘मुखपृष्ठ’ या नावाचं पान शोधायला लागतो. ते स्थानांतरित करावं लागतं. मराठी निवडल्यावर विकी स्वतः दाखवतो ते आकडे देवनागरीत येतात. कोणाला ते नको असतील तर त्यासाठी वेगळी सेटिंग आहे, भाषा बदलायची गरज नाही.

आता खास आपल्या लिपीची दुखणी. इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ही सापडत नाहीत, म्हणून जरा थांबतो.

गुरुजींच्या विकीवर ‘साताऱ्यातील वाडे’ असं पान होतं. दुसऱ्या पोराने त्याच नावाचा दुवा दिला, तर तो लाल. म्हणजे पान अस्तित्वातच नाही! शीर्षक अक्षर-अक्षर ताडून पाहिलं, काडीचा फरक नाही. खोट त्या ‘ऱ्या’मध्ये होती. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त यांतून बनतो; इनस्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ (J) ही कळ दाबली की हा ‘ऱ’ येतो. दुसरीकडे तोच आकार साधा ‘र’, हलन्त आणि मागे न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’ यांतून उभा राहतो. डोळ्याला दोन्ही एकच. विकीच्या लेखी ती दोन वेगळी नावं, म्हणून दोन वेगळी पानं. शोध घेतानाही एक सापडतं, दुसरं हुकतं. आता साताऱ्याबद्दल लिहायचं आणि ‘साताऱ्या’ टाळायचं, हे कसं जमणार? उपाय दोन: सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, आणि दुसऱ्या रूपाच्या पानावर ‘#पुनर्निर्देशन’ लिहून पहिल्याकडे वळवायचं. मी आता विकी सुरू करतानाच लिहिणाऱ्यांना एकत्र बसवून कीबोर्ड ठरवून घेतो. पोरं हसतात, पण ठरवतात.

वर्गातला, म्हणजे एका विषयाची पानं एकत्र दाखवणाऱ्या यादीतला, क्रम हे दुसरं दुखणं. मूळ सेटिंगवर पानं युनिकोडच्या, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाच्या, क्रमाने लागतात. त्यामुळे क्षेत्रमाहुली ‘क’खाली जाते, कारण ‘क्ष’ म्हणजे आत ‘क’, हलन्त आणि ‘ष’. ‘ळ’ही ‘ह’नंतर न येता ‘ल’च्या पाठीला बसतो. ‘डब्ल्यूजीकॅटेगरीकोलेशन’मध्ये मराठीचा यूसीए क्रम (भाषेच्या वर्णमालेप्रमाणे लावणारा) द्या आणि ‘अपडेटकोलेशन’ ही देखभाल स्क्रिप्ट चालवा. सर्व्हरवर पीएचपीचं ‘इंटल’ एक्स्टेन्शन लागतं.

शीर्षकाची मर्यादा 255 बाइट. इंग्रजीत ती भरपूर, पण देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘सातारा’ म्हणजे 18 बाइट. एकूण 85 चिन्हं. शिलालेखाचा पूर्ण मायना शीर्षकात घालायचा गुरुजींचा बेत तिथेच फसला.

फोटो चढत नाहीत, ही तक्रार हमखास येते. एक तर चढवण्याची सोय मुळात बंद असते, ‘डब्ल्यूजीएनेबलअपलोड्स’ चालू करावं लागतं. ते केल्यावरही मोबाईलचा फोटो अडतो, कारण पीएचपीची मूळ मर्यादा 2 एमबी. आणि ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये वेब सर्व्हरला लिहिता आलं पाहिजे. इथे वैतागून लोक अख्ख्या विकीला 777 परवानगी (कोणीही वाचा, लिहा, चालवा) देऊन मोकळे होतात. असं करू नका. घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं आहे ते. फक्त त्या एका फोल्डरची मालकी वेब सर्व्हरकडे द्या.

पान पूर्ण पांढरं आलं, तर ‘डब्ल्यूजीशोएक्सेप्शनडिटेल्स’ चालू करा, चूक वाचा आणि काम झालं की बंद करा. 512 एमबी रॅमच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या छोट्या आभासी सर्व्हरवर) विकी मध्येच मरत असेल, तर सिस्टिमचा लॉग (घडामोडींची नोंद) बघा. मेमरी संपली की लिनक्स डेटाबेसचा बळी देतं.

स्पॅम पहिले काही आठवडे येत नाही, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. मग एका सकाळी ‘अलीकडील बदल’ उघडलं की औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींची रांगच दिसते. मूळ सेटिंगवर कोणीही संपादन करू शकतं, कोणीही खातं काढू शकतं. गावाच्या विकीवर पाहुण्यांचं संपादन बंद ठेवा, खाती प्रचालकाने (विकी सांभाळणाऱ्याने) काढून द्यावीत. नोंदणी खुलीच हवी असेल, तर सोबत येणाऱ्या ‘कन्फर्मएडिट’ या बॉट अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये (जोडणीत) स्वतःचा प्रश्न घालता येतो. आम्ही विचारलं: शहराच्या डोक्यावर कुठला किल्ला आहे? बॉट अडले, पण पहिल्या आठवड्यात माणसंही अडली, कारण उत्तर म्हणून आम्ही फक्त ‘अजिंक्यतारा’ ठेवलं होतं. कोणी मध्ये जागा सोडून लिहिलं, कोणी रोमन लिपीत. उत्तरं यादीने देता येतात, तशी द्या. साचलेली घाण एकदम काढायला ‘न्यूक’ सोबतच येतं.

आवृत्ती वाढवताना जुन्या फोल्डरवर नवी फाईल उलगडू नका. जुन्या-नव्याची खिचडी होते. वेगळा फोल्डर करा, त्यात लोकलसेटिंग्ज आणि इमेजेस आणा, एक्स्टेन्शन त्याच आवृत्तीची घ्या आणि ‘अपडेट’ स्क्रिप्ट चालवा.

आणि बॅकअप. लोकलसेटिंग्ज, इमेजेस फोल्डर, डेटाबेसचा डम्प (त्यातला सगळा मजकूर एका फाईलमध्ये), तिन्ही हवेत. डम्प काढताना आणि भरताना कॅरॅक्टर सेट एकच ठेवा, नाहीतर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर रेघ असलेला रोमन ए आणि पुढे दोन चित्रविचित्र चिन्हं येतात. परत चढवून बघायला वेळ नसेल, तर निदान डम्पची फाईल एडिटरमध्ये उघडा आणि तिच्यात एखादं नाव शोधा. गुरुजी ‘क्षेत्रमाहुली’ शोधतात, दर रविवारी, आणि सापडलं की मला नुसता अंगठा पाठवतात.